ताईच्या कडेवर

आमच्या बेळगाव-निपाणी भागात एक शब्द असा आहे की, बोलणाऱ्याची भाषा कोणती हे ठाऊक नसेल तर त्याच्या अर्थाचा निश्चय होत नाही. मराठी घरातल्या मुलाने ‘ताई’ अशी हाक मारली म्हणजे थोरली बहीण धावत येते. भिंतीपलीकडच्या कानडी घरात जवळजवळ ह्याच उच्चाराचा ‘तायी’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मात्र आई. एरवी बोलताना कानडी मूल ‘अव्वा’ म्हणते. परंतु ग्रंथांत आणि सरकारी कागदांत तायी असते. गरोदर स्त्रीला दवाखान्यातून जे नोंदीचे कार्ड मिळते त्याला कर्नाटकात ‘तायी कार्ड’ म्हणतात. आमच्या आळीतल्या एका आजींनी ते प्रथम ऐकले तेव्हा त्या नातसुनेला म्हणाल्या, “पहिलंच बाळ हाय, आनि ताईचं कार्ड कशाला?”

हा शब्दांचा निव्वळ योगायोग असेल. व्युत्पत्तीच्या वाटेला मी जात नाही. पण कष्टकऱ्यांच्या घरांपुरते बोलावयाचे तर ह्या दोन शब्दांतले अंतर आमच्याकडे कधीच फार नव्हते. मूल जन्माला घालावे आईने. त्याला बसते, चालते, बोलते करावे ताईने, अशी कामाची वाटणी होती. बेळगावचा इतिहास म्हटला की किल्ला येतो, किल्ल्यातील 1204 सालची कमलबस्ती येते, 1824 चा कित्तूरचा लढा येतो, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तो प्रसंग तर हमखास येतो. हे सर्व महत्त्वाचेच आहे. तथापि ह्या लढ्यांतली आणि मोर्च्यांतली माणसे कधी काळी कोणाच्या तरी बोटाला धरून पहिले पाऊल टाकती झाली होती. ते बोट बहुधा सात-आठ वर्षांच्या मुलीचे होते. आज मला त्या मुलीविषयी बोलावयाचे आहे.

मुलाच्या वाढीचा एकेक टप्पा आपल्या भाषेने प्रेमाने टिपून ठेवला आहे. मूल कुशीवर वळते, पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते, आणि मग एके दिवशी हात सोडते. दातांच्या कण्या दिसतात, बोबडे बोल निघू लागतात. पहिला घास भरवावयाचा तो उष्टावणाचा, पहिले केस काढावयाचे ते जावळाचे, आणि पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याची तारीख तेवढी चर्चच्या वहीत पक्की लिहिलेली असते. पहिले पाऊल कोणत्या दिवशी पडले ह्याची नोंद मात्र कोणत्याच धर्माच्या वहीत सापडत नाही. ती घरातल्या कोणाच्या तरी आठवणीत असते, आणि ते माणूस गेले की जाते.

ज्या घरात ऐपत होती तेथे पांगुळगाडा येई. तीन चाके आणि उभ्याने धरावयाची दांडी. मूल ढकलत जाई आणि गाडा कुरकुरत पुढे सरके. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी लागते. तेथील लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत. आमच्याच जिल्ह्यातले गोकाकही हलक्या लाकडाच्या रंगविलेल्या बाहुल्या आणि फळे ह्यांसाठी नावाजलेले आहे. पण पांगुळगाड्याला सारवलेले, सपाट आणि प्रशस्त अंगण लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडात तो फिरवावा कोठे? तेथे ताईची दोन बोटे हाच पांगुळगाडा.

मूल कितव्या महिन्यात चालले पाहिजे, ह्यावरून घरोघर वाद होतात. शेजारच्या मुलाने वाढदिवसापूर्वी पाऊल टाकले आणि आपले अजून धरूनच उभे राहते, म्हणून आया झुरतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक ह्या संशोधिकेने आपल्याकडच्या अर्भकांच्या हालचालींचा आणि समजेचा महिन्यामहिन्याने अभ्यास करून मापे तयार केली; तोपर्यंत परक्या देशांतील मापांनीच आपली मुले मोजली जात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुले पाहून 2006 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत निरोगी मुलांनी आधाराविना चालण्याचा काळ सुमारे 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. काही मुले तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहिली. म्हणजे शेजारणीने घाबरविण्याचे कारण नाही. हे आमच्या ताईला ठाऊक होते असे मी म्हणत नाही. तिला एवढेच ठाऊक होते की, हा चालू लागला म्हणजे माझी कंबर सुटेल!

कडेवर मूल घेतलेली लहान मुलगी आपण पाहिलीच असेल. तिचे सारे अंग एका बाजूला कललेले असते, एक हात मुलाच्या खाली अडकलेला असतो, आणि उरलेल्या एका हाताने ती गोट्या खेळते, फुगडीचा गिरकाही घेते. तिच्या पाठोपाठ जन्मलेल्या भावाला मराठीत ‘पाठचा भाऊ’ म्हणतात. मला वाटते, त्याला कडेचा भाऊ म्हटले असते तरी चालले असते. जात्यावरच्या ओव्यांत भावाविषयीची माया आणि माहेरी नेण्यास तो आला नाही ह्याची तक्रार दोन्ही एवढ्या विपुल का, हे कोडे मला अशा मुली पाहूनच उलगडले. ज्याला वाढविले त्याच्यावर हक्क सांगावयाचा, यात वावगे काय?

जेथे ताई तेथे धाकटे, हा नियम असल्यामुळे मुलाच्या पहिल्या सहलीही तिच्याच मर्जीच्या असत. नळ, गिरणी, वाण्याचे दुकान, ओढा, शेण गोळा करावयाचे माळरान, असे मुलाचे जग दिवसेंदिवस रुंदावत जाई. वर्षातून एकदा मोठा प्रवास घडे तो जत्रेचा. माघात चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्या निघत. गाडीत भाकऱ्यांची गाठोडी, म्हातारी माणसे आणि कोकरांसारखी एकमेकांत शिरून बसलेली मुले. रविवारी कुटुंबाने मिळून बागेत जावे ही कल्पना फार अलीकडची. ती नोकरीबरोबर आणि ठरलेल्या सुट्टीबरोबर आली.

बेळगावकरांच्या अशा रविवारच्या जागांपैकी एक म्हणजे टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे आवार. मोठमोठ्या झाडांखाली मुले धावतात, थोरली पुढे आणि धाकटी मागे. आणि आईबापांपैकी फार थोड्यांच्या मनात ह्या नावाविषयी प्रश्न येतो. येथे वासरांपासून देवीची लस तयार होत असे, आणि ती मुंबई इलाख्यात दूरवर जाई. आपल्या आजोबा-आजींच्या दंडावर जो रुपयाएवढा वण दिसतो त्याचे मूळ अशा ठिकाणी आहे. ही कथा आणखी मागे नेली तर तेथेही एक तान्हुलीच भेटते. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. बसऱ्याहून आलेली ती लस हिंदुस्थानात लागू पडलेली पहिलीच. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी ती मुलांमुलांतून पुढे न्यावी लागे. ॲनापासून ती इतर मुलांना मिळाली आणि मग पुण्याकडे, सुरतेकडे, मद्रासकडे गेली. एका मुलाने दुसऱ्याला जगवावे, ही रीत केवळ आमच्या आळीतली नव्हे! 1975 मध्ये देशातील शेवटचा देवीचा रोगी बरा झाला आणि 1980 मध्ये साऱ्या जगातून तो रोग गेल्याची घोषणा झाली. तेव्हापासून जन्मलेल्या मुलांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही.

आता बेळगावहून उत्तरेला निपाणीकडे वळू. तंबाखूच्या ह्या गावात आईचे हात पहाटेपासून वखारीत गुंतलेले असत. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे बहुतांशी स्त्रियांची. वखारीत शिरताच डोळे चुरचुरतात, शिंकांनी जीव हैराण होतो. अशा धुळीत तान्हे मूल नेणार कसे? कायद्यात ह्याची तरतूद नव्हती असे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले होते, आणि 1976 मध्ये ही मर्यादा 30 वर आणली गेली. पण कायदा कारखान्याचे दार ठोठावतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला दारही नसते आणि कारखानाही नसतो. तिच्या मांडीवरचे सूप आणि मांडीवरचे मूल ही दोन्ही एका वेळी मावत नाहीत, म्हणून मूल थोरलीकडे जाते. आणि धाकटे निजले की थोरलीही विड्यांची तोंडे बंद करावयास बसते. 1980 च्या सुमारास निपाणीच्या ह्या स्त्रिया संघटित झाल्या, संप झाले, आणि 1982 मध्ये युगांतर नावाच्या चित्रपटगटाने त्यांच्यावर माहितीपटही तयार केला. मजुरी, मालकाची वागणूक, कामाचे तास ह्यांविषयी त्या तेव्हा मोठ्याने बोलल्या. घरी मूल सांभाळणाऱ्या मुलीची संघटना कोण करणार?

त्या मुलीची नोंद एकाच ठिकाणी होत असे. शाळेच्या हजेरीपटावर, गैरहजर म्हणून.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. नोकरीची माझी पहिलीच वर्षे होती. चौथीच्या वर्गात एक मुलगी हिशेबात फार तल्लख होती. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस यावयाची नाही. एके दिवशी वर्ग चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली. कडेवर वर्षभराचा भाऊ, नाकाला शेंबूड, हातात बिस्किटाचा तुकडा. म्हणाली, “बाई, ह्यो रडत न्हाई. मी मागं बसतो.” आमच्याकडे मुलीही ‘मी बसतो’ असेच म्हणतात. मी तिला आत घेतले नाही. शाळेचा नियम तसा होता, तपासणी तोंडावर होती, आणि एकीला घेतले तर उद्या दहाजणी येतील असेही मनात आले. ती बराच वेळ खिडकीबाहेर उभी होती. मी फळ्यावर घातलेले उदाहरण तिने बाहेरूनच सोडविले असावे. कारण उत्तर विचारताच खिडकीतून आवाज आला. वर्ग हसला. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावरून कमी झाले. पटावरून कमी करण्यासाठी जी सही लागते ती माझीच होती.

अनेक वर्षांनी ताराबाई मोडक ह्यांच्या कार्याविषयी वाचताना मला त्या खिडकीची आठवण झाली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

ताराबाईंचा जन्म 1892 सालचा. स्वतःच्या लहान मुलीला योग्य शिक्षण कोठे मिळेल ह्या शोधात त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याकडे गेल्या आणि बालशिक्षणाच्याच होऊन राहिल्या. मूळ प्रेरणा मारिया मॉन्टेसरी ह्यांची. त्यांचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी, म्हणजे आम्ही ज्याला तीन राजांचा सण म्हणतो त्या दिवशी, रोममधील एका गरीब वस्तीत उघडले होते. आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांत नि गल्लीबोळांत उंडारणाऱ्या मुलांसाठी ते होते. आपल्याकडे येता येता मात्र ही पद्धती सुखवस्तूंची झाली. सुबक साधने, टापटिपीचे वर्ग आणि न परवडणारी फी. ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढला. तो उत्तम चालला. परंतु खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना सोडीना. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या मुंबई सोडून 1945 मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी ह्या गावी गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, एवढे आयुष्य मागे टाकून ज्या शिक्षिका झाल्या होत्या, त्या ह्या अनुताई.

बोर्डीस बालवाडी उघडली खरी, पण हरिजनवस्तीतील मुले येईनात. मग ह्या बायका स्वतःच वस्तीत गेल्या. अंगणात बसून मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे कापावीत, गाणी म्हणावीत, शंखशिंपले आणि चिंचोके मांडून मोजावयास शिकवावे, असा क्रम सुरू झाला. शाळा मुलाच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी. 1957 मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलखात गेले. तेथे मुले गुरांमागे रानात जात. म्हणून शिक्षकही त्यांच्यामागे कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. आणि थोरल्या मुली येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे आहे, हे दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ह्या तिन्ही एकाच छपराखाली आणून विकासवाडी उभी केली. धाकट्याला घेऊनच ताईने यावे; तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ती वर्गात. सुट्टीत येऊन तिने त्याला पाहून जावे.

मी पुष्कळ शिक्षणतज्ज्ञांची भाषणे ऐकली आहेत. त्यांतील बहुतेकांनी मूल म्हणजे एक सुटे माणूस धरलेले असते: त्याचे वय, त्याची इयत्ता, त्याची गुणपत्रिका. गरिबाघरचे मूल सुटे नसते. त्याला दुसरे एक चिकटलेले असते. ही गोष्ट ताराबाईंनी पाहिली, आणि नियम बदलण्याऐवजी त्या मुलींना बदलू पाहत बसल्या नाहीत. मी माझ्या दारात उभे राहून हेच पाहू शकले नव्हते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. कर्नाटकात तिचा आरंभ म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे झाला. योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणातला मराठी शब्द अशा रीतीने कन्नड पाट्यांवरही आला. सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून एवढे रण माजते. ह्या एका पाटीबद्दल कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तरीही एक फट राहिलीच. अंगणवाडीत बसावयास तीन वर्षे पुरी व्हावी लागतात. त्याहून लहानांना आहार मिळतो, लस मिळते, वजन होते, आणि ती घरी परततात. कोणाच्या हाती परततात, ते सांगावयास नको. चालावयास शिकण्याचे, बोलावयास शिकण्याचे, पडण्याझडण्याचे सारे वय त्या तीन वर्षांतच येते. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला मजुरी देऊन नेमावे अशी चांगली तरतूद होती. 2023 मध्ये कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींतून ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, ह्या नावाने पाळणाघरे काढण्याचे जाहीर केले. ज्या गावी ही घरे नीट चालतील त्या गावच्या शाळेत चौथी-पाचवीच्या मुलींची हजेरी कशी बदलते, हे कोणी तरी मोजावयास हवे. बाळाच्या वजनाचे तक्ते होतात. त्याच्या ताईच्या हजेरीचा तक्ता त्याच्याशेजारी लावलेला मी अद्याप पाहिलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाजारात मला एका बाईने हाक मारली. मी ओळखले नाही. तिने मात्र मला ओळखले होते. खिडकीतली तीच मुलगी. भाऊ आता कोल्हापूरला नोकरीस असतो, असे तिने आधी सांगितले, आणि मग बरोबरची मुले दाखविली. सहा वर्षांची मुलगी, आणि तिचे बोट धरून दीड वर्षांचा मुलगा. तो चारच दिवसांपूर्वी हात सोडून चालू लागला होता आणि भाजीच्या पाट्यांमधून पुन्हा पुन्हा पडत होता. बोलता बोलता ती जरा थांबली आणि म्हणाली, “बाई, हिला जूनला पहिलीत घालतो. मी कामावर असतो. कधी ह्याला संगं घिऊन आली तर चालतंय का?”

मी चालते म्हणाले. जूनपासून वर्गाच्या मागच्या भिंतीशी एक सतरंजी घातलेली आहे. मुख्याध्यापकांनी त्याविषयी लेखी खुलासा मागविला होता, तो मी दिला आहे.